पुढचे ब्रेक पॅड घरी बदलताना

गाडीच्या ब्रेकविषयी वाचकांकडून तीन प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. पुढच्या चाकातून किरकिर येते, म्हणजे पॅड संपले का? ते घरी बदलता येतात का? आणि घरी बदलले तर वॉरंटी जाते का? ही तिन्ही उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून इथे ती एकत्रच देत आहे.

हा लेख स्विफ्ट, वॅगनआर, आय-टेन, टियागो यांसारख्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. यांच्या पुढच्या चाकांना डिस्क आणि मागच्या चाकांना सहसा ड्रम असतो. पुढच्या प्रत्येक चाकावर एक पिस्टन असलेला, पिनांवर पुढे-मागे सरकणारा कॅलिपर बसवलेला असतो. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो आणि थांबवण्याचे बहुतांश काम पुढचे ब्रेक करतात, म्हणून पुढचे पॅड आधी झिजतात.

माझे मत आधीच सांगतो. जुने पॅड काढून नवे बसवणे हा या कामाचा सोपा भाग आहे. पॅड का आणि कसे झिजले हे पाहणे, अडकलेल्या पिना मोकळ्या करणे हे खरे काम आहे. दिवसाला पंधरा गाड्या उरकणाऱ्या गॅरेजात नेमके तेच राहून जाते. घरी काम करण्यात मजुरी वाचते हे खरे, पण ही तपासणी नीट होते हा मोठा लाभ आहे.

आधी ठरवा: हे काम तुमचे आहे का?

पंक्चर झाल्यावर तुम्ही स्वतः स्टेपनी बदलली असेल, पाना कोणत्या बाजूला फिरवायचा हे हाताला माहीत असेल, तर हे काम तुम्हाला जमेल. पहिल्या वेळी अर्धा दिवस मोकळा ठेवा आणि सोबत एक माणूस असू द्या. पुढील परिस्थितीत मात्र गाडी सरळ गॅरेजला न्या:

- सपाट, टणक जमीन उपलब्ध नाही. सोसायटीच्या तळघराचा उतार, अंगणातली माती, पावसात भिजलेले पेव्हर ब्लॉक यांवर गाडी उचलू नका.
- ब्रेकचे पेडल स्पंजासारखे मऊ लागते किंवा हळूहळू खाली जाते. हा दोष पॅडचा नाही.
- चाकाच्या आतल्या बाजूला तेलकट ओल दिसते.
- गाडी हायब्रिड आहे. काही हायब्रिड गाड्यांत दार उघडताच ब्रेकयंत्रणा स्वतःहून दाब तयार करते. त्या वेळी कॅलिपर सुटा असेल तर पिस्टन बाहेर येतो आणि बोट मध्ये असेल तर चिरडते.

मागच्या चाकांनाही डिस्क आणि बटणाचा हँडब्रेक असेल, तर मागचे पॅड घरी बदलण्याच्या फंदात पडू नका. तिथला पिस्टन मागे घ्यायला बहुतेक वेळा निदान करणारे यंत्र जोडावे लागते.

पॅड खरोखर संपले आहेत का?

पावसात रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे ब्रेक सकाळी खरखरतात. डिस्कवर गंजाचा पातळ थर आलेला असतो आणि चार-पाच वेळा ब्रेक दाबले की तो जातो. त्यावर खर्च करू नका.

चालत्या गाडीत सतत बारीक, तीव्र चीं असा आवाज येत असेल आणि ब्रेक दाबल्यावर तो बदलत किंवा थांबत असेल, तर तो पॅडवरच्या पत्र्याच्या जिभेचा इशारा असतो. पॅड ठरावीक मर्यादेपर्यंत झिजला की ही जीभ डिस्कला घासू लागते. मात्र सगळ्याच पॅडना ती नसते. आवाज खरखरीत, दगड घासल्यासारखा असेल तर पॅडवरचा घासणारा थर, म्हणजे मसाला, संपून लोखंडावर लोखंड घासत आहे असे समजा. अशी गाडी चालवत गॅरेजपर्यंतसुद्धा नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा किंवा गाडी टो करून न्या.

आवाजापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवा. नव्या पॅडवर साधारण 10 ते 12 मिलिमीटर मसाला असतो. मागची लोखंडी पट्टी सोडून उरलेला मसाला 3 मिलिमीटरवर आला की पॅड बदला. चाकाच्या फटीतून टॉर्च मारल्यावर दिसतो तो बाहेरचा पॅड. आतला पॅड अनेकदा जास्त झिजलेला असतो आणि तो चाक काढल्याशिवाय नीट दिसत नाही. ‘बाहेरून बरा दिसतोय’ एवढ्यावर निर्णय घेऊ नका.

किती किलोमीटरला बदलायचे, असा प्रश्न येतो. त्याला एक उत्तर नाही. महामार्गावर चालणाऱ्या गाडीचे पॅड शहरातल्या कोंडीत अडकणाऱ्या गाडीच्या दुप्पट टिकू शकतात. आंबोली किंवा वरंध घाट उतरताना खालचा गिअर न टाकता सतत अर्धा ब्रेक धरण्याची सवय असेल, तर ते त्याहूनही लवकर संपतात.

काय विकत घ्याल?

- पॅडचा संच. एका संचात दोन्ही पुढच्या चाकांचे चार पॅड येतात. चारही एकदम बदला. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक लावताना गाडी एका बाजूला खेचते.
- ब्रेकचे सिलिकोन किंवा सिरॅमिक ग्रीस. बेअरिंगचे साधे ग्रीस इथे चालत नाही, त्याने रबर फुगते आणि पिन अडकते.
- ब्रेक क्लीनरचा एक स्प्रे.
- ब्रेक ऑइलची लहान, सीलबंद बाटली. टाकीच्या झाकणावर डॉट 3 की डॉट 4 हे छापलेले असते, तेच घ्या. डॉट 5 हे सिलिकोनचे असते, ते यात मिसळू नका.

पॅड घेताना कार कंपनीचा अस्सल भाग किंवा बॉश, ब्रेम्बो यांसारख्या ओळखीच्या उत्पादकाचा घ्या आणि गाडीचे मॉडेल, वर्ष, इंधन सांगून मिळवून पाहा. एकाच नावाच्या गाडीचे पॅड वर्षागणिक बदललेले असतात. खोके सीलबंद हवे, त्यावर भाग क्रमांक आणि एमआरपी छापलेली हवी. प्लॅस्टिकच्या पिशवीतले निम्म्या किमतीचे बेनामी पॅड कितीही आग्रह झाला तरी घेऊ नका. अशा पॅडच्या मसाल्यात अजूनही ॲस्बेस्टॉस असू शकतो, आणि तापल्यावर त्यांची पकड किती उरेल याची हमी कोणी देत नाही.

हत्यारांत चाकाचा पाना, जॅक, दोन जॅक स्टँड, 12, 14 आणि 17 नंबरचे रिंग पाने किंवा सॉकेट, सुतार वापरतात तसा सी-क्लॅम्प, तारेचा ब्रश, जाड तार, हातमोजे आणि चांगला मास्क एवढे लागते. टॉर्क पाना मिळाला तर फार उत्तम, तो शेजारच्या गॅरेजमधून तासाभरासाठी मागून आणता येतो.

गाडी उचलताना

या कामात जीव जाण्याचा धोका असतो तो इथे. गाडीसोबत मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरता आहे, त्याच्या भरवशावर काम करायचे नाही.

बहुतेक छोट्या गाड्यांची ताकद पुढच्या चाकांना जाते. म्हणून पुढचे एक चाक हवेत उचलले की पहिला गिअर टाकलेला असला तरी गाडी धरली जात नाही, कारण हवेतले चाक मोकळे फिरते. गाडी उभी राहते ती केवळ मागच्या चाकांच्या हँडब्रेकवर. म्हणून हँडब्रेक पूर्ण ओढा आणि मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे किंवा विटा लावा. गिअर टाकायचाच आहे, पण त्याच्यावर विसंबू नका.

- चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा वळसा सैल करा.
- जॅक मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच लावा. दरवाजाखालच्या पत्र्यावर तिथे खाच किंवा खूण असते.
- गाडी उचलली की स्टँड लावा, भार स्टँडवर घ्या आणि गाडी हाताने हलवून पाहा.
- काढलेले चाक गाडीखाली आडवे सरकवून ठेवा. स्टँड निसटला तर गाडी त्यावर टेकेल.

एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू नमुना म्हणून जशीच्या तशी राहते, पत्ती किंवा पॅड कसा बसला होता हे विसरलात तर तिकडे जाऊन पाहता येते.

कॅलिपर उघडताना

स्टीअरिंग अशा बाजूला वळवा की कॅलिपर बाहेर येईल. काहीही सैल करण्याआधी मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढा. धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरने हवा मारू नका. मास्क लावा, ब्रेक क्लीनरने ती ओली करून फडक्याने पुसा.

कॅलिपरच्या मागे दोन बोल्ट असतात, ते स्लायडिंग पिनांत गेलेले असतात. खालचा काढा. पिन सोबत फिरू लागली तर तिला दुसऱ्या पान्याने धरा. बहुतेक गाड्यांत कॅलिपर वरच्या पिनेवर उघडतो आणि पॅड हाती येतात. पिना साफ करायच्या असल्याने वरचा बोल्टही काढाल, तेव्हा कॅलिपर तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा. तो रबरी नळीवर लोंबकळत सोडू नका, नळीला आतून इजा होते आणि ती बाहेरून दिसत नाही.

कॅलिपर सुटा असताना ब्रेकचे पेडल कोणीही दाबता कामा नये. घरात मुले असतील तर गाडीचे दरवाजे कुलूपबंद ठेवा.

जुने पॅड काय सांगतात?

चारही पॅड काढाल तसे ओळीने मांडा आणि जाडी पाहा.

- आतला बराच झिजला, बाहेरचा बरा: कॅलिपर पिनांवर सरकत नाही. सर्वांत जास्त आढळणारा दोष हाच.
- एकच पॅड तिरका झिजला: एक पिन अडकली आहे किंवा पॅड त्याच्या खाचेत जाम झाला आहे.
- एका चाकाचे दोन्ही पॅड दुसऱ्या चाकापेक्षा खूप झिजले: पिस्टन अडकत असेल किंवा नळी आतून बंद होत असेल. हे गॅरेजचे काम आहे.
- चारही जवळपास सारखे: ब्रेक निरोगी आहेत.

स्लायडिंग पिन: वेळ इथे घाला

एकाच पिस्टनने दोन्ही पॅड दाबायचे म्हणजे कॅलिपरला या दोन पिनांवर सहज सरकता आले पाहिजे. आपल्याकडे चार महिने पाऊस असतो, रस्त्यावरच्या पाण्यातून गाडी जाते. रत्नागिरी, मालवण, पणजीसारख्या किनारपट्टीला वर्षभर खारी हवा असते. पिनेवरचा रबरी बूट जरा चिरला की पाणी आत जाते, ग्रीस घट्ट होते, पिन गंजते. गाडी थांबते आहे म्हणून मालकाला पत्ता लागत नाही. आतला पॅड एकटाच झिजत राहतो, मायलेज थोडे उतरते, लांबच्या प्रवासानंतर एका चाकापाशी जळका वास येतो. नवे पॅड टाकूनही वर्षभरात पुन्हा संपले, अशी ज्यांची तक्रार असते त्यांनी पॅडच्या कंपनीला बोल लावण्याआधी या पिना तपासाव्यात.

पिन हाताने ओढून बाहेर काढा. कुठली वरची आणि कुठली खालची याची खूण ठेवा, कारण काही गाड्यांत एका पिनेच्या टोकाला रबराची बाही असते आणि अदलाबदल केली तर ती अडकते. जुने ग्रीस पूर्ण पुसा, भोकही आतून साफ करा. पिनेवर खड्डे पाडणारा गंज असेल तर नवी पिन घ्या, पॉलिश पेपरने घासून वेळ मारून नेऊ नका. बूट फाटला असेल तर पिन आणि बुटांचा संच वेगळा मिळतो. तो पॅडच्या तुलनेत स्वस्त असतो, निःसंकोच घ्या.

नव्या ग्रीसचा पातळ थर पुरतो. जास्त भरले तर आत हवा आणि ग्रीस कोंडून पिन बाहेर ढकलली जाते. पिन बसवल्यावर बूट किंचित दाबून हवा जाऊ द्या, आणि पिन बोटांनी सहज सरकते का ते पाहा.

पॅड ज्या खाचांत बसतात तिथल्या स्टीलच्या पत्त्या काढून खालचा गंज तारेच्या ब्रशने खरवडा. संचात नव्या पत्त्या आल्या असतील तर त्याच लावा.

डिस्क बदलायची की घासून घ्यायची?

डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर तिची किमान जाडी कोरलेली असते. उरलेली जाडी त्याखाली असेल तर दुसरा पर्याय नाही, दोन्ही बाजूंच्या डिस्क बदला. साध्या व्हर्नियरचे जबडे डिस्कच्या न झिजलेल्या बाहेरच्या काठावर टेकतात आणि जाडी खऱ्यापेक्षा जास्त दाखवतात, म्हणून माप मायक्रोमीटरने घ्या किंवा लेथवाल्याकडून घेऊन या.

नखाला जाणवतील अशा बारीक रेघांना घाबरू नका, नवे पॅड त्यांवर बसतात. खोल चर, भेगा, जळल्याचे निळे डाग किंवा ब्रेक लावताना पेडलमध्ये धडधड असेल तर निर्णय घ्यावा लागतो. पुरेशी जाडी शिल्लक असल्यास लेथवर घासून घेता येते, पण घासल्यानंतरही ती किमान जाडीच्या वर राहिली पाहिजे. छोट्या गाडीच्या पातळ डिस्कसाठी मी नवीच घ्या म्हणेन.

पिस्टन मागे ढकलणे आणि नवे पॅड

नवे पॅड जाड असतात, त्यामुळे पिस्टन मागे गेला पाहिजे. तो मागे जाताना ब्रेक ऑइल वरच्या टाकीत परतते. पॅड झिजल्यामुळे टाकीची पातळी उतरली होती आणि कुणी मधल्या काळात तिथे ऑइल भरले असेल, तर आता ते उतू जाईल. झाकण उघडा, पातळी वर असेल तर स्वच्छ सिरिंजने थोडे काढून घ्या. ब्रेक ऑइल रंग खाते, सांडले तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्प हळूहळू आवळा. जोर लावूनही पिस्टन हलत नसेल किंवा त्याभोवतीचा रबर फाटलेला असेल तर थांबा.

नवे पॅड फोटोत पाहून त्याच जागी बसवा. पत्र्याची जीभ असलेला पॅड सहसा आतल्या बाजूला येतो. पॅडच्या कानांना आणि पाठीवर ग्रीसचे बोट चालते. मसाल्यावर आणि डिस्कवर ग्रीसचा थेंबही नको. लागलाच तर डिस्क क्लीनरने पुसा आणि तो पॅड वापरू नका.

पिनांचे बोल्ट लहान असतात, बऱ्याच छोट्या गाड्यांत 20 ते 35 न्यूटन-मीटरला आवळायचे असतात. चाकाच्या नटांना साधारण 85 ते 110 न्यूटन-मीटर लागतात. तुमच्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहा. नट समोरासमोरचे एकाआड एक आवळा, शेवटचे आवळणे गाडी जमिनीवर आल्यावर.

गाडी हलवण्याआधी पेडल

पिस्टन आत गेला आहे, त्यामुळे पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला जाईल. पेडल आधी दाबून घट्ट न करता गाडी सुरू करून मागे घेणारा माणूस मागच्या भिंतीवर जातो. इंजिन बंद ठेवून पेडल घट्ट लागेपर्यंत हळूहळू दाबत राहा. मग टाकीतली पातळी ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ या खुणांमध्ये आहे का पाहा. इंजिन सुरू केल्यावर पेडल किंचित खाली जाते, ते ठीक आहे. मऊ राहिले तर गाडी बाहेर काढू नका.

आवारात चालण्याच्या वेगाने ब्रेक तपासा. मग मोकळ्या रस्त्यावर 50 च्या वेगावरून 15-20 पर्यंत, हलक्या हाताने, पूर्ण न थांबता आठ-दहा वेळा वेग कमी करा आणि दर दोन वेळांमध्ये थोडे अंतर गाडी चालू द्या. त्यामुळे पॅडचा मसाला डिस्कवर एकसारखा बसतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर घाट आणि जोरकस ब्रेक टाळा. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा तपासा.

ब्रेक ऑइल दोन वर्षांहून जुने असेल तर तेही बदलून घ्या. ते हवेतले पाणी शोषते. डॉट 3 ऑइल नवे असताना 205 अंशांच्या आत उकळता कामा नये, पाणी शोषल्यावर ही मर्यादा 140 अंशांवर येते. घाटात तापलेल्या ब्रेकमध्ये ऑइल उकळले की पेडल खाली जाते आणि गाडी थांबत नाही. ऑइल बदलण्याचे काम यंत्रणेत हवा न राहता होणे गरजेचे असल्याने पहिल्या वेळी मेकॅनिककडूनच करून घ्या.

तुमचे हक्क

पॅड हा झिजणारा भाग आहे, त्यामुळे साधारण झीज वॉरंटीत येतच नाही. घरी पॅड बदलले म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्सची वॉरंटी नाकारली, तर कारण लेखी मागा. भारतीय स्पर्धा आयोगाने 2014 मध्ये चौदा कार कंपन्यांविरुद्ध आदेश दिला. स्वतंत्र गॅरेजमध्ये काम करून घेतले एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असे त्यात म्हटले आहे. कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या, पण तुमची बाजू मांडताना त्याचा उल्लेख जरूर करा. तुमच्या चुकीच्या जोडणीमुळे ब्रेकचेच नुकसान झाले, तर मात्र ती जबाबदारी तुमची.

गॅरेजला काम देणार असाल तर काम सुरू होण्याआधी या गोष्टी मागा:

- जुने पॅड मला परत द्या.
- स्लायडिंग पिना काढून साफ केल्याचे बिलात लिहा.
- नव्या पॅडचे खोके आणि भाग क्रमांक दाखवा.
- डिस्क बदलायची म्हणत असाल तर मोजलेली आणि कोरलेली, दोन्ही जाड्या दाखवा.

पक्के बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. छापील एमआरपीपेक्षा जास्त किंमत घेता येत नाही. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. तिथेही मार्ग निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. बिल, खोके आणि काम करताना काढलेले फोटो तोवर जपून ठेवा.